पूर्ण एक मिनिट

माणसाला सांगून त्याचे श्वास मोजता येत नाहीत. ‘आता तुमचे श्वास मोजते हं’ म्हटलं की तो मुद्दाम श्वास घ्यायला लागतो. कुणी खोल घेतो, कुणी रोखून धरतो, आणि मग मोजून काही उपयोग राहत नाही. म्हणून नाडी बघायच्या निमित्ताने मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही, नजर हळूच छातीवर न्यायची आणि मनातल्या मनात मोजत राहायचं. पूर्ण एक मिनिट.

हे मी अभ्यास म्हणून पहिल्यांदा ऐकलं ते पहाटे पावणेपाचला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कानात इअरफोन घालून. बाहेर इंग्लंडचा फेब्रुवारी, काळामिट्ट. लेक वर झोपलेली, नवरा रात्रपाळीवरून यायचा होता. लॅपटॉपवर आमच्या प्राध्यापिका बोलत होत्या. त्यांनी ते आधीच कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मी ते वाक्य तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग स्वतःचंच मनगट धरलं आणि स्वतःचेच श्वास मोजायला गेले. ते होत नाही, कुणालाच होत नाही. लक्ष गेलं की श्वास बदलतो.

मी इथे अ‍ॅडल्ट नर्सिंगची पदवी करते आहे. नाव ऐकून गावाकडची मंडळी गोंधळतात, म्हणून आधी सांगते. आपल्याकडे जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली सिस्टर तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत सगळ्यांची असते. ब्रिटनमध्ये साधारण प्रवेश घेतानाच शाखा निवडावी लागते: मोठी माणसं, मुलं, मानसिक आजाराचे रुग्ण, किंवा शिकण्या-समजण्यात अडचण असलेली माणसं. मी मोठ्या माणसांची शाखा घेतली, म्हणजे अठरा वर्षांच्या पुढचे सगळे. माझा अभ्यासक्रम ‘ब्लेंडेड’ आहे. व्याख्यानं, वाचन, चर्चा बहुतेक ऑनलाइन, अधूनमधून काही दिवस विद्यापीठाच्या स्किल्स लॅबमध्ये, आणि प्रात्यक्षिक, ज्याला इथे ‘प्लेसमेंट’ म्हणतात, ते मात्र खऱ्या वॉर्डात, खऱ्या माणसांवर. इंग्लंडमध्ये असे खास ब्लेंडेड नर्सिंगचे अभ्यासक्रम जानेवारी २०२१ पासून सुरू झाले.

एका नातेवाइकांनी फोनवर विचारलं होतं, ‘म्हणजे घरबसल्या नर्स होता येतं का आता?’ त्यांनी सहज विचारलं, पण मला ते बरेच दिवस टोचत राहिलं. इथल्या नर्सिंग परिषदेचा नियम सगळ्यांना एकच आहे: एकूण ४६०० तास, त्यातले निम्मे, म्हणजे २३०० तास प्रत्यक्ष कामात. ऑनलाइन शिकणाऱ्याला त्यात एका मिनिटाची सूट नाही. बसणं घरी असेल, पण पाय वॉर्डातच मोडतात.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली, मराठी शाळेत शिकलेली. बी.कॉम. झाले, लग्न झालं, इथे आले. पाच वर्षं एका वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून काम केलं: अंघोळी, जेवण, कूस बदलणं, रात्री कुणी घाबरून उठलं तर जवळ बसणं. तिथेच एकदा एक आजी दुपारपासून ‘वेगळ्या’ वाटत होत्या. काय वेगळं ते मला सांगता येईना, आणि ज्यांना सांगायचं त्यांना आकडा हवा होता. माझ्याकडे आकडा नव्हता, नुसतं वाटणं होतं. त्या रात्री त्यांना अँब्युलन्सने न्यावं लागलं. नर्सिंग शिकायचं हे मी त्या रात्री ठरवलं. तेव्हा मी ३९ वर्षांची होते आणि लेक सहा वर्षांची.

रोज सकाळी नऊला वर्गात हजर राहा, असा अभ्यासक्रम मला शक्यच नव्हता. फी कर्जावर भरता येते, आणि २०२० पासून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५००० पौंडांचं अनुदान मिळतं, जे परत करावं लागत नाही. तेवढ्यावर घर चालत नाही, काम सोडता येत नाही. ब्लेंडेड नसतं तर मी आजही काळजीवाहकच असते. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण त्या आजींचा आकडा मला अजूनही सांगता आला नसता.

ऑनलाइन शिकण्यातलं मला सगळ्यात मोठं वाटलेलं सुख मात्र वेळेचं नाही. ते आहे थांबवता येण्याचं, मागे नेता येण्याचं. मी आयुष्यात वर्गात हात वर केलेला नाही. कॉलेजात इंग्रजीतून प्रश्न विचारायच्या भीतीने कितीतरी गोष्टी न कळताच सोडून दिल्या. इथे प्राध्यापिका मूत्रपिंडाचं काम समजावत होत्या तेव्हा मी ती फीत नऊ वेळा मागे नेली. नऊ वेळा त्यांनी तेच, तितक्याच शांतपणे सांगितलं. कुणी उसासा टाकला नाही, कुणी मागे वळून बघितलं नाही. दहाव्या वेळी मी वहीत मराठीतून लिहिलं: ‘आधी सगळं गाळून बाहेर टाकतं, मग हवं ते परत घेतं.’ चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला न लाजता नऊ वेळा विचारता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याला पहिल्या वेळेत सगळं कळतं त्याला नाही समजायचं.

औषधांच्या गणिताचंही तसंच. ती परीक्षा इथे शंभरपैकी शंभर मिळाले तरच उत्तीर्ण. नव्व्याण्णव म्हणजे नापास, आणि ते मला पूर्ण पटतं, कारण तो उरलेला एक कुणाच्या तरी शिरेत जाणार असतो. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी सूत्रं पाठ करून रडकुंडीला यायच्या. मी सहावी-सातवीतलं त्रैराशिक मांडायची. १००० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचं, नळीतून १ मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? एकूण थेंब वीस हजार, मिनिटं चारशे ऐंशी, उत्तर बेचाळीस. आमच्या शाळेतले गुरुजी फळ्यावर गवंडी आणि भिंतींची उदाहरणं घालायचे. ती भिंत इथे सलाइनची बाटली होऊन माझ्या कामाला आली. मग मी शनिवारी रात्री चौघींना व्हिडिओवर त्रैराशिक शिकवलं. एक घानाची, एक केरळची, दोघी इथल्याच. इंग्रजीत समजावत होते, पण पाढे मराठीतच म्हणत होते.

‘लवचीक’ म्हणतात या शिक्षणाला. पण यात वाकतं कोण, हा प्रश्न मला फार पडतो. वॉर्ड वाकत नाही. पाळीचा तक्ता आला की आला. सकाळी सव्वासातला हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेणं, बारा-साडेबारा तासांची पाळी, रात्रपाळ्या, शनिवार-रविवार. चोवीस तासांत रुग्णाचं काय काय होतं ते बघायला हवं, म्हणून हे सगळं करावंच लागतं आणि ते योग्यच आहे. मग वाकलं आमचं घर. नवऱ्याने गोदामातली दिवसपाळी सोडून रात्रपाळी घेतली, कारण लेकीला शाळेतून आणायला कुणीतरी हवं. शेजारच्या मल्याळी वहिनींनी न विचारता आठवड्यातून दोन दिवस तिला आपल्या मुलांबरोबर जेवायला बसवलं. त्या वर्षी पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा केला. लेकीने विचारलं, ‘बाप्पाला पण प्लेसमेंट आहे का?’ मी तिला जवळ घेतलं, उत्तर काही सुचलं नाही. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात लॅपटॉपसमोर हसणारी एक बाई असते. तिच्या मागे जी तीन-चार माणसं वाकून उभी असतात त्यांचाही फोटो तिथे असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, जिचं मला दुःख आहे. नाइटिंगेलबाईंच्या नावाने लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा शिकणाऱ्या मुली तिथेच राहायच्या. एकत्र राहणं हा शिक्षणाचाच भाग होता. माझी आई एएनएम, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स. १९८०च्या सुमाराला दीड वर्षाचं प्रशिक्षण तिने होस्टेलवर राहून केलं. संध्याकाळी फाटक बंद, मेट्रनची शिस्त, एका खोलीत आठ जणी. त्या आठ जणींतल्या तिघी अजूनही संक्रांतीला एकमेकींना फोन करतात. पहिलं बाळंतपण हातात आलं त्या रात्री आई खोलीवर येऊन रडली होती आणि शेजारच्या खाटेवरची मुलगी उठून तिच्याजवळ येऊन बसली होती. माझ्या शेजारी खाट नाही. आमच्या गटात एक विशीतली मुलगी होती, चर्चेत फार छान बोलायची. दुसऱ्या वर्षी मार्चनंतर ती पडद्यावर दिसेना. वर्गातलं रिकामं बाक डोळ्यांना टोचतं. पडद्यावरचे चौकोन मात्र सरकून एकमेकांच्या जवळ येतात आणि गेलेल्या माणसाची जागासुद्धा उरत नाही. तिने सोडलंय हे आम्हाला पाच आठवड्यांनी कळलं. तेव्हापासून मी दर रविवारी गटातल्या प्रत्येकीला एक ओळ पाठवते. कुणी नेमून दिलेलं नाही ते मला.

पहिल्या प्लेसमेंटच्या आदल्या रात्री मी बांगड्या काढल्या. कोपराच्या खाली काहीही घालायचं नाही, असा नियम आहे. घड्याळ नाही, बांगडी नाही, धागा नाही, फार तर एक साधी अंगठी. जंतू तिथेच बसतात आणि हात कोपरापर्यंत धुता आले पाहिजेत, हे मी व्याख्यानात ऐकलेलं, लिहूनही काढलेलं. तरी हिरव्या काचेच्या बांगड्या साबण लावून उतरवताना हात थबकला. सासूबाई फोनवर होत्या. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘देवापुढच्या तबकात ठेव, दुसरीकडे नको.’ आईने पाठवलेलं घड्याळ मात्र छातीशी लावलं. तिचं स्वतःचंच ते, अंगरख्याला उलटं अडकवायचं, मान खाली घातली की आकडे सुलटे दिसणारं. तिच्या उपकेंद्राच्या काळातलं. नवीन सेल घातला तर लगेच चालू झालं.

वॉर्ड कुठला, हॉस्पिटल कुठलं, ते सांगत नाही. एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी आलेले. फार गप्पिष्ट. रेल्वेत नोकरी केलेली, मला गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. इथे प्रत्येक रुग्णाची ठरावीक निरीक्षणं घेऊन गुण मांडतात. ती पद्धत देशभर एकच आहे: श्वासाची गती, रक्तातला प्राणवायू, बाहेरून प्राणवायू चालू आहे की नाही, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. जितकं बिघडलेलं तितके गुण जास्त. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं.

मी ट्रॉली घेऊन गेले. यंत्राने रक्तदाब दिला, नाडी दिली १०४, प्राणवायू ९४, ताप ३८.३. ही सगळी यंत्राची कामं. श्वास मात्र यंत्र मोजत नाही. त्या ट्रॉलीवरचं ते एकच काम असं आहे की ज्याला माणूस लागतो, आणि त्याचं एक आख्खं मिनिट लागतं. वॉर्डात मिनिटाची टंचाई असते, म्हणून बऱ्याचदा तिथे सवयीने सोळा लिहिलं जातं. त्यांच्या तक्त्यावर आदल्या तिन्ही वेळेला सोळाच होतं. माझीही बोटं सोळाकडेच निघाली होती.

माझ्या सुपरवायझर सिस्टर फिलिपिन्सच्या, पंचवीस वर्षं या कामात. त्या पाठीमागे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसता माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे हात केला. मी आजोबांचं मनगट धरलं. ते बोलतच होते. बोलणाऱ्या माणसाचे श्वास मोजता येत नाहीत, हे कुठल्याही फितीत मी ऐकलं नव्हतं, कारण पडद्यावरचा रुग्ण विचारल्याशिवाय बोलत नाही. माझी नाडी वाढली, त्यांची काय मोजणार? तेव्हा आठवली आई.

आईने आयुष्यभर श्वास मोजले आहेत, लेकरांचे. न्यूमोनिया ओळखायला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, एक वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस: एवढे झाले तर धोका. ‘साठ, पन्नास, चाळीस’ हे तिच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की लहानपणी मला तो पाढाच वाटायचा. बाळ आईच्या मांडीवर, झबलं वर सरकवलेलं, आणि आई उकिडवी बसून त्या इवल्या पोटाकडे बघतेय. बाळ रडत असेल तर ती मोजायची नाही. दारातल्या बायांना म्हणायची, ‘घाई नको. त्याला जरा थांबू द्या.’ आणि सगळं घर गप्प बसायचं.

मी आजोबांना म्हटलं, ‘ती गाडी पुढे कुठे जायची ते आठवून ठेवा, मला एक मिनिटाने सांगा.’ ते आठवायला लागले, खिडकीबाहेर बघत. मी त्यांच्या ब्लँकेटवर डोळे ठेवले. घडीचा एक कोपरा वर यायचा आणि खाली जायचा. फार उथळ, फार घाईत. माणूस एवढा हसून बोलत असताना आत एवढी धावपळ चाललेली असते, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. चोवीस.

सोळा लिहिलं असतं तर बेरीज तीन झाली असती, तीन गुणांत डॉक्टरला तातडीने हाक मारायची नसते. चोवीस लिहिल्यावर झाली पाच. सिस्टरनी स्वतः पुन्हा मिनिटभर मोजलं, मान डोलावली, आणि फोन माझ्या हातात दिला. ‘तू मोजलंस, तू सांग.’ मी डॉक्टरांना आकडे सांगितले. माझं इंग्रजी अडखळलं, आकडे अडखळले नाहीत. डॉक्टर आले, छाती तपासली, एक्स-रे झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, फुप्फुसात संसर्ग निघाला, त्याची औषधं त्याच संध्याकाळी सुरू झाली. आजोबांनी जाता जाता मला त्या गाडीचं शेवटचं स्टेशन सांगितलं. ते ते विसरले नव्हते.

वृद्धाश्रमातल्या आजी मला त्या रात्री बसमध्ये फार आठवल्या.

आता नियमानुसार २३०० प्रत्यक्ष तासांपैकी ६०० पर्यंत तास सिम्युलेशनने, म्हणजे बाहुल्यांवर, नटांवर, डोळ्यांवर चष्मा चढवून दिसणाऱ्या आभासी वॉर्डात भरता येतात. मला ते वाईट वाटत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर पहिल्यांदा दाब देणारे हात आधी बाहुलीवर चुकलेले बरे. तिथे चुकता येतं, मागे नेता येतं, माझ्या नऊ वेळा ऐकलेल्या फितीसारखं. पण सहाशेची मर्यादा वाढवा असं कुणी म्हटलं तर मी विरोधात बोलेन. सुजलेल्या पायाचं वजन बाहुलीत नसतं. जखमेची पट्टी उघडताना येणारा वास चष्म्यातून येत नाही. युगांडातून १९७२ साली सगळं सोडून इथे आलेल्या एका गुजराती बा होत्या. त्यांना अंघोळ घालताना पाठीला साबण लावला आणि त्यांनी माझा हात धरून विचारलं, ‘तारी मा क्यां छे?’ मुंबईत मावशीकडे राहून जेवढी गुजराती आली होती तेवढ्यात मी उत्तर दिलं. त्या माझा ओला हात बराच वेळ धरून होत्या. मी तो सोडवून घेतला नाही. त्या वेळाची नोंद तासांच्या रकान्यात कुठे करायची ते मला कुणी शिकवलं नाही, पण तो मला नेमका तिथेच, मोरीत उभं राहूनच शिकता आला असता.

आई आता निवृत्त आहे, भावाकडे राहते. गेल्या महिन्यात तिला खोकला झाला. व्हिडिओ कॉल लावला तेव्हा ती कॉटवर टेकून बसली होती, शाल पांघरून. ‘काही नाही गं, हवा बदललीय’ म्हणाली. मी इकडचं तिकडचं बोलायला लागले: लेकीची शाळा, पाऊस, मल्याळी वहिनींनी दिलेलं लोणचं. बोलता बोलता आईजवळच्या माझ्या वहिनींना, भावाच्या बायकोला, म्हटलं, ‘वहिनी, फोन जरा खाली धरा ना, मला आईची नवी शाल बघायचीय.’ त्यांनी धरला. मी आवाज न करता टेबलावरचं घड्याळ जवळ ओढलं. शालीच्या काठावर नजर ठेवली आणि आई बोलायची थांबण्याची वाट बघत राहिले.

आई थांबली. माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं जिने हेच केलं तिच्यापासून हे कसं लपणार?

‘मोजतीस व्हय गं?’

मी काही बोलले नाही.

‘मोज,’ ती म्हणाली. ‘मी तिकडं बघते.’ आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं, जिथे तिची तुळस आहे. वहिनींना हाताने खूण केली, गप्प राहा म्हणून. फोन जरा हलत होता, चित्र मधूनच अडकत होतं. अडकलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला मिनिट पुरं झालं.

‘किती?’ तिने खिडकीकडे बघतच विचारलं.

‘अठरा.’

‘मिनिटभर मोजलंस ना? का अर्धं मोजून दुप्पट केलंस?’

‘पूर्ण मिनिट, आई.’